ताईच्या हाताजोगा कॉम्प्युटर

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मला कायमची नोकरी लागली, तेव्हा स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे एक नेटबुक. आता हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. त्या वर्षांत मात्र दुकानांच्या काचेआड हे दहा इंची, चिमुकले कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले असायचे. माझं पांढरं होतं. शाळेच्या पाटीपेक्षा जरासं मोठं, डब्याच्या पिशवीत सहज मावणारं. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतून सिटी बसनं कॉलेजला जाताना मी ते मांडीवर घेऊन बसायची आणि काही काम नसतानाही उघडायची. शेजारच्या बाईनं काही विचारलं की बरं वाटायचं.

दोन-तीन वर्षांतच ते दमायला लागलं. सकाळी चालू करून ठेवावं, आंघोळ करून यावं, तरी पडद्यावरचा गोल फिरतोच आहे. तेव्हा लॅबमधल्या एका सरांनी मला लिनक्स दाखवलं. फुकट मिळणारी आणि जुन्या मशिनीवरही चालणारी सिस्टिम, एवढंच मला आधी कळलं. मग हळूहळू कळलं की हिच्यात पडद्याचं रूपसुद्धा आपल्याला हवं ते निवडता येतं. पट्टी वर हवी की खाली, चित्रं मोठी की बारीक, खिडक्या कशा उघडायच्या, सगळं. अशा तयार रूपांना डेस्कटॉप म्हणतात आणि ते डझनांनी मिळतात. मला तो नादच लागला. रविवारी सकाळी पोहे झाले की मी नेटबुक घेऊन गॅलरीत बसायची, एक डेस्कटॉप काढायची, दुसरा बसवायची. दुपारपर्यंत दुसरा नकोसा व्हायचा. नवरा म्हणायचा, की तू त्या मशिनीवर काम करतेस कधी? काम मी करतच नव्हते. मला ते बदलणंच आवडत होतं, आणि त्या रविवारांइतकी निवांत मी पुढे फारशी कधी झाले नाही.

शेवटी माझ्यापुरता जो डेस्कटॉप मी पक्का केला, तो पाहून नवऱ्याला वाटलं की मशीन बंद पडलं. काळा पडदा, वरच्या कडेला एक बारीक पट्टी, तीत घड्याळ. एक चित्र नाही. सगळं बटणांवर. एक बटण दाबलं की लिहायची खिडकी उघडायची आणि सगळा पडदा व्यापायची. दुसरी उघडली की दोघी निम्मी निम्मी जागा वाटून घ्यायच्या. माऊसला हात लावायची वेळच यायची नाही. माझ्या गरीब नेटबुकवर तो वाऱ्यासारखा पळायचा. असलं काही फक्त माझ्यासारख्या छांदिष्ट माणसानं वापरावं, अशी माझी समजूत होती. पुढे मी नवा लॅपटॉप घेतला आणि नेटबुक कपाटात साड्यांच्या खाली गेलं.

ते तिथून बाहेर निघालं ताईमुळे.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. वडील रेल्वेत गँगमन होते, दिवसभर रुळांवर. आई कांद्याच्या खळ्यावर कामाला. त्यामुळे नांदगावच्या आमच्या घरात मला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. अक्षरं तिनंच गिरवून घेतली. माझा हात आपल्या हातात धरून पाटीवर 'अ' काढायची, मग ओल्या फडक्यानं पुसायची आणि म्हणायची, आता तुझा तू काढ. पुढे ती शिक्षिका झाली, जवळच्या खेड्यातल्या झेडपीच्या शाळेत. लग्न तिनं केलं नाही. लोक विचारायचे तेव्हा म्हणायची की माझ्या घरात पहिल्यापासूनच एक पोर आहे.

तिचं अक्षर पंचक्रोशीत माहीत होतं. शाळेचा फळा तर तिचाच, पण वस्तीतल्या विहाराबाहेरचा फळाही तिचा. दर पौर्णिमेला त्यावर वंदनेची वेळ, भोजनदान कुणाकडे, आणि खाली दोन ओळींचा विचार असायचा. तो फळा बघायला म्हणून माणसं वाट वाकडी करून यायची. लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायची असली की गठ्ठे आमच्या ओट्यावर यायचे. ती खडू असा धरायची, की ओढताना आवाज येत नसे. अक्षरांच्या गाठी गोल, काने सरळ, आणि ओळ आखलेली नसताना सरळ.

ती रिटायर झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "तुझा तो छोटा कॉम्प्युटर अजून आहे का गं?"

आहे म्हटल्यावर म्हणाली की मला तो दे, मला टायपिंग शिकायचंय. मला हसू आलं आणि आनंदही झाला. मी तिला नवा लॅपटॉप घेऊन देते म्हणाले. ती म्हणाली की ते धूड कुठं सांभाळत बसू, मला तो लहानच बरा. पहिल्या दिवाळीला मी नेटबुक नांदगावला नेलं होतं तेव्हा तिनं ते दोन्ही हातांत धरून सगळीकडून बघितलं होतं, हे मला आठवलं. मी म्हटलं, तू ये चार दिवस, आपण दोघी मिळून ते तुझ्या मनासारखं करू.

ती आली दुपारच्या गाडीनं, नाशिकरोडला. हातात बाजरीच्या आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाच्या पिशव्या, वांगी, आणि माझ्या नवऱ्यासाठी शेंगदाण्याची चटणी. थंडी कडाक्याची होती. तिनं शाल सोडली नाही. चहा देताना मी कपबशी काढली, तर म्हणाली की स्टीलचा पेला दे, अर्धाच दे. हात शेकतात, म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. लिनक्सची एक मोठी सोय अशी, की मशीनमध्ये काही न बसवता नुसत्या पेनड्राइव्हवरून ते चालवून बघता येतं. मी तीन-चार पेनड्राइव्ह तयार ठेवले होते. प्रत्येकावर वेगळा डेस्कटॉप. जेवणाच्या टेबलावर नेटबुक ठेवलं, ताईला खुर्चीत बसवलं, आणि मी तिच्या मागं उभी राहिले. ती मला पाटीवर गिरवायला बसवायची तेव्हा अशीच मागं उभी राहायची.

पहिला डेस्कटॉप सगळ्यांत देखणा होता. मोठाली रंगीत चित्रं, खिडक्या उघडताना फुलायच्या, मिटताना विरघळायच्या. पण त्या बिचाऱ्या मशिनीला हा थाट झेपेना. एक चित्र दाबल्यावर पुढचं दिसेपर्यंत ताई खिडकीबाहेरची कबुतरं बघून घ्यायची. तो मीच बाद केला.

दुसरा जुन्या वळणाचा. खाली पट्टी, कोपऱ्यात यादी, पडद्यावर बारीक चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोनदा पटपट दाबायचं. मला वाटलं, हाच तिला चालेल, शाळेच्या ऑफिसात तिनं असंच काही बघितलेलं असणार. नेटबुकला पुढच्या बाजूला बोटानं सरकवायचा एक छोटा चौकोन असतो. ताईनं त्यावर बोट ठेवलं, बाण चित्राच्या जवळ नेला, जरा थांबली आणि बोट उचललं.

"हे फार बारीक आहे," ती म्हणाली.

मी चित्रं मोठी केली. तिनं पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा उचललं आणि म्हणाली की भाजी फोडणीला टाकायची राहिलीय. आणि उठून गेली.

तिसरा माझा आवडता होता. खाली चित्रांची एक सुबक ओळ, वर पट्टी, आणि मशीनला हलका. मी तो सजवण्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली. पार्श्वभूमीला नांदगाव स्टेशनाजवळच्या चिंचेचा मी काढलेला फोटो लावला. अक्षरं मोठी केली. मात्र नेटबुकच्या पडद्याची एक जुनी खोड होती. पडदा उंचीला इतका कमी, की काही खिडक्या त्यात मावतच नसत. वरचा भाग दिसायचा आणि खालचं 'ठीक आहे'चं बटण पडद्याच्या बाहेर कुठंतरी जमिनीत जायचं. त्यावर उपाय होता. एक बटण दाबून धरायचं, त्याच वेळी बाणानं खिडकी पकडायची आणि वर ओढायची. मी ते ताईला करून दाखवलं. फार सोपं आहे म्हणाले.

तिनं एकदा करून बघितलं. खिडकी वर जायच्या ऐवजी भलतीकडे गेली. दुसऱ्यांदा ती कोपऱ्यात जाऊन अडकली. ताईनं हात मांडीवर घेतला, शालीत गुंडाळला आणि म्हणाली, "हा नको. चिंच छान आलीय, पण हा नको."

का नको, असं मी विचारलं, तर म्हणाली की भपकेबाज आहे. भपकेबाज! त्यात एक चिंचेचं झाड आणि सहा चित्रं होती. मी जरा हिरमुसलेच. त्या संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं की हिला नक्की काय हवंय तेच कळत नाही, प्रत्येक डेस्कटॉपला काहीतरी खोट काढते. तो म्हणाला की एवढी वर्षं तू तरी दुसरं काय करत होतीस?

तरीही ताई टायपिंगचा सराव मात्र चुकवत नव्हती. मी कागदावर छापून दिलेली मराठी कीबोर्डाची मांडणी तिला चटकन पटली. डाव्या हाताला काने-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. म्हणाली की हे तर शहाण्या माणसानं केलंय, बाराखडी दोन हातांत वाटून दिलीय. लिहायची खिडकी मी उघडून द्यायची आणि कामावर जायची. ती दिवसभर अधूनमधून बसायची. मी आले की मशीन बंद असायचं. काय लिहिलं दाखव म्हटलं तर म्हणायची, नुसती रेघोट्या मारते गं, सगळं पुसून टाकलं.

रविवारी दुपारी ती शेजारच्या वहिनींबरोबर बाजारात गेली. जाताना मशीन बंद करायचं राहिलं होतं. मी चहा घेऊन टेबलाशी आले तर पडद्यावर तिचा सराव उघडाच. मी सहज वाचायला लागले. 'ननांदगगाव' असं लिहिलं होतं. खाली 'माझझी शााळा'. त्याखाली 'पपौर्णिममा'. ओळीमागून ओळी अशाच. कुठलं अक्षर दोनदा, कुठलं तीनदा.

माझी खात्री झाली की कीबोर्ड गेला. इतकी वर्षं कपाटात पडलेलं मशीन, बटणांखाली धूळ बसली असणार, दाबलेलं बटण अडकत असणार. मला वाईट वाटलं, की ही बिचारी चार दिवस बिघडलेल्या बटणांशी झगडते आहे आणि वरून बोलतही नाही. मी बारीक ब्रश आणला. चिमट्यानं एकेक बटण काढलं, खालची धूळ झाडली, स्पिरिटनं पुसलं, पुन्हा बसवलं. मग तपासायला म्हणून तिच्याच शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'नांदगाव'. नीट आलं. 'माझी शाळा'. नीट आलं. मी पाच-सहा ओळी भराभर लिहिल्या. एकही अक्षर दुसऱ्यांदा उमटलं नाही. मला बरं वाटलं, म्हटलं साफ केल्यानं झालं काम. मग एकदम लक्षात आलं की चार बटणं मी अजून काढलीच नव्हती. त्यात 'म'चं बटण होतं. तेसुद्धा नीटच चालत होतं.

मी तिथंच बसून राहिले. अर्धाच चहा भरलेला स्टीलचा पेला आठवला. आल्यापासून ती मला रोज सकाळी म्हणायची की पदराला पिन लावून दे गं, तुझ्या हातची बसते चांगली. आमटी वाढायला ती एकदाही उठली नव्हती. मला वाटलं होतं की आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलेली बाई बहिणीकडे येऊन जरा बसून खातेय, खाऊ दे. आणि तो चौकोन. बोट ठेवायचं आणि उचलायचं. बारीक आहे, भाजी राहिलीय, भपकेबाज आहे.

ताई मेथीच्या दोन जुड्या घेऊन आली. नेहमीप्रमाणे खाली बसकर टाकून निवडायला बसली. मीही समोर बसले आणि दुसरी जुडी ओढली. तिच्या उजव्या हातातली काडी थरथरत होती. मी पाहिलं. मी पाहतेय हे तिनं पाहिलं आणि काडी परातीत ठेवून दिली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नोकरीची शेवटची दोन वर्षं," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं, मेथी निवडता निवडताच. आधी फळ्यावर काना वाकडा यायला लागला. तिला वाटलं खडू ओला आहे. मग तिनं रोजचा सुविचार मुलींकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. इतर शिक्षकांना वाटलं बाई मुलींना वळण लावतायत. विहारात खांदा दुखतो म्हणून सांगितलं. तेव्हापासून तिथला फळा कोराच आहे. एका पौर्णिमेला कुणीतरी हौसेनं लिहिला, पण त्याचं त्यालाच ते आवडलं नाही. मालेगावला एका डॉक्टरांना ती एकटीच दाखवून आली होती. त्यांनी तपासून सांगितलं होतं की जिवाला धोका नाही, हा कंप आहे, काही घराण्यांत असतो. हात स्वस्थ असला की थांबतो, काही करायला गेलं की सुरू होतो. गोळ्या दिल्या, त्यांनी दिवसा झोप यायला लागली, म्हणून तिनं त्या सोडल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "आईचा हात आठवतो ना तुला शेवटी शेवटी? चहा सांडायची. आपण म्हणायचो वय झालं. आईला होतं, मला आलं. तुला सांगितलं असतं तर तू रोज उठून स्वतःचाच हात बघत बसली असतीस."

उरलेली मेथी आम्ही निवडून टाकली. त्या दोन जुड्यांना इतका वेळ कधी लागला नसेल.

संध्याकाळी मी पेनड्राइव्हचा डबा बंद केला. आता मला प्रश्न नीट कळला होता. ज्यात काही ओढावं लागत नाही, दोनदा दाबावं लागत नाही, नेम धरावा लागत नाही, असा डेस्कटॉप हवा होता. आणि तो मला तोंडपाठ होता. मी माझा तो जुना काळा पडदा नेटबुकवर बसवला, या वेळी पक्का. सगळ्या खिडक्या आपोआप पडदाभर उघडायच्या. कुठल्याही प्रश्नाला 'ठीक आहे' म्हणायला एंटरचं बटण पुरे. मग सिस्टिममधला अपंगांसाठीच्या सोयींचा भाग उघडला. इतकी वर्षं मी त्या पानावरून पुढे जायची, कधी आत शिरले नव्हते. तिथं दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे दोन बटणं एकदम दाबायची गरज नाही, आधी एक दाबून सोडायचं, मग सवडीनं दुसरं. आणि दुसरी म्हणजे तेच बटण लागोपाठ घाईत दाबलं गेलं तर मशिनीनं ते ऐकायचंच नाही. थरथरणाऱ्या बोटांचा विचार करून कुणीतरी, कुठंतरी बसून, ही सोय आधीच करून ठेवली होती. मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार माया वाटली.

सकाळी ताईसमोर नेटबुक उघडलं. ती बघतच राहिली.

"चित्रं कुठं गेली?"

"नाहीत."

"आणि ते बोटानं सरकवायचं?"

"बंद केलंय. लागणारच नाही."

"मग बरं," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

तिनं पहिला शब्द काय लिहावा? अननस. पहिलीच्या वर्गाला तीसेक वर्षं शिकवलेली बाई ती. पडद्यावर उमटलं, 'अनस'. माझा एक न गेला, ती म्हणाली. मी समजावलं की एकच अक्षर दोनदा हवं असेल तर मध्ये जरा थांबायचं, नाहीतर मशिनीला वाटतं चुकून लागलं. तिनं न दाबला, श्वास घेतला, पुन्हा न दाबला. अननस. मग ती हसली. तेवढी मोकळी ती आल्यापासून हसली नव्हती.

कीबोर्डावर मराठी अक्षरं नव्हती, नुसती इंग्रजी. मी पांढऱ्या कागदाचे चौकोन कापले आणि प्रत्येकावर एक अक्षर लिहून सेलोटेपनं चिकटवायचं ठरवलं. लिहायला मी बसले, ताई शेजारी. मी 'ळ' लिहिला तर तिनं तो काढून ठेवला. म्हणाली की ह्याची गाठ सुटलीय, पुन्हा लिही. 'श' दोनदा परत केला. 'क्ष'ला म्हणाली की हा गाढवासारखा का उभाय? मी चाळिशी ओलांडलेली बाई, कॉलेजात पोरं मला मॅडम म्हणतात, आणि जेवणाच्या टेबलाशी जीभ बाहेर काढून अक्षरं गिरवत होते. नवऱ्यानं दारातून पाहिलं आणि परत गेला. सगळी अक्षरं पास व्हायला दुपार झाली. ती पास झाली तेव्हा मला जे वाटलं ते मला माझ्या नोकरीच्या ऑर्डरीनंही वाटलं नव्हतं.

ती जायच्या आधी मी तिला नाशिकमधल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही मालेगावच्या डॉक्टरांसारखंच सांगितलं, फक्त गोळी बदलून अगदी कमी दिली. ती मात्र तिनं सोडली नाही. मग नेटबुक तिच्या शालीत गुंडाळून, पिठाच्या रिकाम्या पिशवीत घालून, मी तिला गाडीत बसवून दिलं. गाडी सुटताना ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

पुढच्या पौर्णिमेच्या आधी तिनं विहाराची सूचना टाइप केली. झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या अक्षरांत छापून आणली आणि कोऱ्या फळ्यावर चिकटवली. वंदनेची वेळ, भोजनदान, खाली दोन ओळी. वंदना झाल्यावर बायका म्हणाल्या की बाई, हे तुमचं अक्षर नाही. तेव्हा तिनं खांद्याचं कारण सांगितलं नाही. सगळ्यांसमोर उजवा हात पुढे धरला आणि बघा म्हणाली, हा आता असा चालतो. हे तिनं मला फोनवर सांगितलं. तिथं मालेगावकडची एक म्हातारी होती, तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "अक्षर गयं ते जाऊ दे, बोल तर तुनाच शे ना." अक्षर गेलं तर जाऊ दे, बोल तर तुझाच आहे ना, असं तिच्या अहिराणीत. ताई मला हे सांगताना त्या म्हातारीसारखं बोलून दाखवत होती, आणि तेच वाक्य तिनं पुन्हा म्हटलं, तेव्हा मी फोनवर दुसरंच काही विचारलं.

ते नेटबुक तिनं बरीच वर्षं वापरलं. बॅटरी संपली, मग ते भिंतीच्या सॉकेटला बांधूनच राहिलं. पांढरा रंग पिवळा पडला. कागदाची अक्षरं झिजली की मी सुट्टीत जाऊन नवी लिहायची आणि ती तपासायची. पौर्णिमेच्या सूचना, एप्रिलमधल्या जयंतीचे कार्यक्रम, कुणाच्या मुलीचा नोकरीचा अर्ज, महिला मंडळाची गाणी, सगळं त्यावर झालं. आमच्या ओट्यावर पुन्हा लोक यायला लागले. नंतर अशा जुन्या मशिनींसाठी लिनक्सची नवी रूपं निघेनाशी झाली आणि एका उन्हाळ्यात नेटबुक चालू व्हायचंच थांबलं. मग मात्र तिला लॅपटॉप घ्यावा लागला. मी त्यावर तोच काळा पडदा बसवून दिला. घरी आलेली माणसं आजही बघून म्हणतात की बाई, तुमचा कॉम्प्युटर बंद पडलाय. आता फोनमध्ये नुसतं बोललं की मराठी अक्षरं उमटतात. ताईला ते येतं. पण तिला ते आवडत नाही. म्हणते की लिहिताना बोटांना काहीतरी लागायला हवं.

तिचा कंप वाढलाय. माझा हात अजून ठीक आहे. मी तो रोज बघत नाही. कधीतरी बघते.

गेल्या महिन्यात तिचा सकाळीच फोन आला. लॅपटॉपनं आपणहून काहीतरी नवं करून घेतलं होतं आणि वरच्या पट्टीतलं घड्याळ उजवीकडून डावीकडे गेलं होतं. बाकी सगळं चालतंय, पण वेळ बघायला मान चुकीच्या बाजूला वळते, असं तिचं म्हणणं. ते फोनवरून तिला सांगून दोन ओळींत बदलता आलं असतं. मी म्हटलं, ते जरा अवघड आहे, मला यावं लागेल. शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी नाशिकरोडहून गाडी पकडली. तिनं संध्याकाळी कळण्याच्या भाकरी करायला शेजारच्या सुनेला बसवलं होतं आणि स्वतः ठेचा कसा हवा ते सांगत होती. घड्याळ मी जेवणानंतर जागेवर आणलं. मग रविवारचा सगळा दिवस राहिले.